तीन मिलिमीटर

विर्वेने घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या,
केसांतल्या पिना एकेक करून माझ्या तळहातावर ठेवल्या.
"दाढेत चांदी आहे," म्हणाली, "ती नाही निघायची."
चालेल, म्हटलं. हे यंत्र लोखंडावर चिडतं, चांदीवर नाही.

तार्तू. फेब्रुवारी. बाहेर उणे एकोणीस.
डॉक्टर मारेट प्रश्न विचारतात.
मी काचेपलीकडचा, बटणांचा माणूस,
डोक्यांची चित्रं काढतो, डोक्यांशी बोलत नाही.

सदतीस वर्षं बस चालवलेली बाई.
तार्तू ते व्होरू, शेवटची फेरी.
मागच्या हिवाळ्यात एका थांब्यावर कुणी उभं होतं
की ती खांबाचीच सावली होती,
हात तरी वर झाला नव्हता,
आणि उशीर झाला होता सात मिनिटांचा.
ती थांबली नाही.
सकाळी बर्फ उपसणाऱ्यांना तो सापडला.

पडद्यावर तिचंच वाक्य, तिनेच लिहून दिलेलं:
मी त्याला मारलं.
आठ सेकंद. कोरा पडदा. पुन्हा तेच.
कानाच्या आतल्या अंगाला, खोल, बदामाएवढी एक गाठ असते.
तिथे रक्त धावलं. माझ्यासमोर शेंदरी ठिपका.

मग वीस मिनिटांची शिकवणी.
गोळी नाही, बालपण उकरणं नाही.
मारेट म्हणाल्या, वाक्य खोडू नका.
खरं की खोटं, तेही आज ठरवू नका.
फक्त त्याच्या आधी लिहा: माझ्या मनात विचार येतो, की
आमच्या भाषेत त्या 'की'च्या आधी स्वल्पविराम लागतोच;
विसरला म्हणून शाळेत माझे कान पिळले गेलेत.
विर्वेने लिहिलं. स्वल्पविराम दोनदा गिरवला.

पुन्हा आत. घरघर, मग ठकठक, मग लांबलचक भोंगा.
थंडीत सुरू न होणाऱ्या जुन्या इकारुससारखं, असं ती म्हणाली होती,
अशा आवाजात मला झोपसुद्धा लागेल.

माझ्या मनात विचार येतो, की मी त्याला मारलं.
आठ सेकंद. कोरा.
माझ्या मनात विचार येतो, की
तिसऱ्या खेपेला तिने मान हलवली.
नाही अशी नाही. हो अशी.
रोजच्या उतारूला आरशातून ओळख द्यावी, तशी.

डोकं तीन मिलिमीटरपुढे हललं तर नोंद बाद, असा नियम आहे.
तिचं साडेतीन हललं.
मी खूण केली. माझं कामच ते.
उरलेल्या तेवीस जणांच्या सरासरीत
बदाम थोडा निवला, कपाळामागे काहीतरी जागं झालं,
मारेट खूश होत्या, आणि ते खरंच होतं.
त्यात विर्वे नव्हती.

मनःस्थितीच्या पट्टीवर तिच्या दोन खुणा:
आधी शंभरात एकतीस, नंतर चव्वेचाळीस.
तेरा गुणांत काय येतं, मी विचारलं नाही.
तीच म्हणाली, पिना दातांत धरून,
"आहे तो. तिथेच आहे.
पण मधे काच आली. पुसता येते."

मार्चमध्ये माझी गाडी व्होरूत बंद पडली.
शेवटची बस. चाकावर ती.
मला ओळखलं नाही; मी तिच्यासाठी नुसता आवाज होतो.
पहिला थांबा, रिकामा. बस थांबली.
दार उघडलं, गार वारा मागच्या सीटपर्यंत आला,
दार मिटलं.
दुसरा थांबा, रिकामा. पुन्हा.

ही बरी झाल्याची खूण, की नवा आजार?
मारेट म्हणाल्या असत्या, पळवाट आहे, लिहून ठेवा.
मी लिहिलं नाही.
नऊ मिनिटं उशीर झाला होता, एक पोरगा स्वेटरात तोंड खुपसून झोपलेला,
तक्रार कुणाचीच नव्हती.
जंगलापाशी, दिवाही नसलेल्या थांब्यावर,
दार उघडलं तेव्हा
मीही मान वळवून बाहेर पाहिलं.